गिटारवाल्यांनो, मागे पियानो हवा की नको?

अर्धाफ्रेट (पुणे)

आधीच सांगतो, भांडण लावायचा हेतू नाही. लागलंच तर मंडळ आभारी आहे.

आम्ही चौघं गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी जॅझ स्टँडर्ड्स, म्हणजे जॅझमधली सगळ्यांच्या ओळखीची गाणी, वाजवतो. दोन गिटार, बेस, ड्रम्स. सगळे नोकरदार, यावर कुणाचंच पोट नाही. जूनपासून एक पियानोवाली आमच्यात आली. वाजवते उत्तम. पियानो खरा, उभा, आजोबांच्या वेळचा. तो हलत नाही म्हणून आम्ही हललो. आता तिच्या हॉलमध्ये जमतो. चहाही सुधारला.

पण दुसऱ्याच रविवारी माशी शिंकली. सी मेजरमधलं एक संथ गाणं चाललं होतं. जी सेव्हन या कॉर्डचा (सूरगुच्छाचा) बार, म्हणजे ठरलेल्या ठोक्यांचा तुकडा, आला. मी सवयीने वर ए घेतला, म्हणजे जी पासून मोजलेला शुद्ध नववा. तिने नेमका त्याच वेळी ए फ्लॅट, म्हणजे अर्धा सूर खालचा, लावला. भातात खडा यावा तसं झालं. बेसवाल्याने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. का ते देव जाणे.

तेव्हापासून मी कॉर्ड धरताना चाचपडतो. आमचा दुसरा गिटारवाला तर सरळ म्हणाला, "पियानो असेल तिथे गिटार म्हणजे लग्नात दुसरा भटजी." तो दोन रविवार आलेला नाही.

मला स्वतःला पियानो आवडतो. ऐकायला. शेजारी बसून वाजवायला आवडतो का, ते कळत नाहीये. तुमचं काय?

बाराबार (ठाणे)

दुसऱ्या भटजीला माझा नमस्कार सांगा. योग्य माणूस आहे.

गिटारवाल्या केनी बरेलची १९६३ ची 'मिडनाइट ब्लू' ही रेकॉर्ड घ्या. टेनर सॅक्सोफोन, गिटार, बेस, ड्रम्स, काँगा. पियानो नाही. म्हणून तर त्या रेकॉर्डमध्ये रात्रीच्या रिकाम्या रस्त्यासारखी हवा आहे. ग्रँट ग्रीनची १९६१ ची 'ग्रीन स्ट्रीट': गिटार, बेस, ड्रम्स, खलास. एक सूर वाजवून तो थांबतो तेव्हा ती शांतता त्याची असते. मागे पियानो असता तर तिथे कुणीतरी लगेच दोन कॉर्ड टाकून जागा भरली असती.

पियानोवाल्यांना रिकामी जागा बघवत नाही. लोकलमध्ये चौथी सीट दिसली की बसलेच.

तार_सप्तक (नाशिक)

बाराबार, अर्धंच ताट वाढताय. तोच ग्रँट ग्रीन सॉनी क्लार्कच्या पियानोसोबत ऐकलाय का? १९६१-६२ मधली ती सेशन्स. तिथे तो अडकलेला वाटतो का? मला तर उलट जास्त मोकळा वाटतो, कारण कॉर्ड कोण सांभाळणार याची चिंता त्याच्या डोक्यावर नाही. तो नुसता गातो.

आणि गिटारवाला वेस माँटगोमेरी. १९६५, न्यूयॉर्कचा हाफ नोट क्लब, पियानोवर विन्टन केली. केली त्याच्या वाक्यात नाक खुपसत नाही, वाक्य संपलं की "हं, मग?" म्हणतो. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो. हुंकार नसेल तर सांगणारा आपोआप घाई करतो.

(वेसच्या घरातच पियानो होता हेही विसरू नका. एक भाऊ बडी पियानो आणि व्हायब्रफोन वाजवायचा, दुसरा मंक बेस.)

बाराबार

वेस निघालाच आहे तर त्याचा ऑर्गन ट्रिओही काढा. मेल्विन राइन ऑर्गनवर. तो वेस मला जास्त जवळचा.

तार_सप्तक

हेच मला कळत नाही. पियानो जागा खातो म्हणून नको, आणि ऑर्गन चालतो? ऑर्गन तर सतरंजीच टाकतो आख्ख्या खोलीभर!

टोरंटोचा_बंड्या

याचं उत्तर साधं आहे. गिटारची तार छेडली जाते, पियानोच्या तारेवर हातोडी पडते. दोन्हीत सुरुवातीला टोक आणि मग आवाज विरत जातो. दोन्ही टोकं एकाच वेळी आली की एकमेकांना झाकतात, आणि थोडी मागेपुढे आली तर चटईवरून बटाटे सांडल्यासारखं वाटतं. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत एकसारखा टिकतो. गिटारचं टोक त्यावर स्वच्छ दिसतं, सतरंजीवर ठेवलेल्या तांब्यासारखं. म्हणून बाराबारला ऑर्गन चालतो. त्याला स्वतःला हे कारण माहीत नसेल, पण कान बरोबर आहे त्याचा.

माझी आवड विचाराल तर तिसरीच आहे. मला गिटारचाच पियानो केलेला आवडतो. आमच्या गावचा एड बिकर्ट. हातात फेंडर टेलिकास्टर, जी लोक कंट्री आणि रॉकसाठी घेतात, आणि त्यातून असे कॉर्ड काढायचा की डोळे मिटले तर वाटावं पियानोच आहे. सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडने १९७५ मध्ये इथल्या बर्बन स्ट्रीट क्लबात त्याला घेऊन लाइव्ह रेकॉर्ड केली, पियानोशिवाय. डेझमंड ब्रुबेकच्या पियानोपुढे वर्षानुवर्षं वाजवलेला माणूस. आपल्या नावाच्या रेकॉर्डसाठी मात्र आधी जिम हॉलची गिटार, मग बिकर्टची.

सॉनी रॉलिन्सचंही तेच. पुलावर सराव करून परतला आणि १९६२ ची 'द ब्रिज' केली, तेव्हा पियानोच्या जागी जिम हॉल. म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांनाही पियानोचा कंटाळा येतो, फक्त आपल्यालाच येतो असं नाही.

चिंटूची_आई

छान चर्चा. मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला आधी कीबोर्ड लावावा की गिटार? बोटं लहान आहेत.

बाराबार

वेगळा धागा काढा हो ताई.

तार_सप्तक

कीबोर्ड. सूर डोळ्यांना दिसतात, बोटांना तार कापत नाही. गिटार दहाव्या वर्षी. आणि बाराबारकडे लक्ष देऊ नका.

पेटीवाला (सांगली)

जॅझमधलं मला फार कळत नाही, पण हे भांडण ओळखीचं आहे. आमच्याकडे गवई आणि पेटी. गवयाने हरकत घेतली की मागून पेटीवाला तीच घेणार, कधी गवयाच्या आधीच मुक्कामाला पोचणार. जुने गवई म्हणायचे, सारंगी सावलीसारखी येते, पेटी रांगेत घुसते. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारातच उभं केलं नव्हतं. कारणांमध्ये एक मोठं कारण होतं पट्टीचे ठरलेले सूर. मींड येत नाही, श्रुती बसत नाहीत. पियानोचंही तेच ना? गिटारवाला तार ताणून सूर वर नेतो, पियानोला ते जमत नाही.

चांगला पेटीवाला कोणता? जो षड्ज धरून बसतो आणि गवयाने श्वास घेतला की एवढंसं काहीतरी टाकतो. विन्टन केलीबद्दल वर जे लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं.

टोरंटोचा_बंड्या

पेटीवाला, प्रतिसाद आवडला, पण तुलना इथे थोडी लंगडते. पेटी गवयाच्या मागे जाते. पियानो पुढे जाऊन रस्ता वळवू शकतो. सोलोवाला एक सूर धरून बसला असेल आणि पियानोवाल्याने खालचा कॉर्ड बदलला, तर तोच सूर आत्तापर्यंत घरचा होता तो परका होतो. अर्धाफ्रेटच्या ए आणि ए फ्लॅटचं भांडण हेच आहे. तिथे कुणी बेसूर नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

काळी_पांढरी (पुणे)

थांबा.

अर्धाफ्रेट, जी सेव्हन, संथ गाणं, चहा बरा. हा हॉल माझा आहे ना?

अर्धाफ्रेट

...

बाराबार

पॉपकॉर्न आणतो.

काळी_पांढरी

मी इथे दोन वर्षं नुसती वाचते, लिहिलं कधी नाही. आता लिहिते.

एक. त्या बारात ए फ्लॅट मी "लावला" नाही, तो चालीतच आहे. तू त्या वेळी कॉर्ड वाजवत होतास, चाल घ्यायला आपल्याकडे सॅक्सोफोन नाही, म्हणजे ती मी वाजवत होते. शीट, म्हणजे लिहिलेली चाल, उघड आणि बघ. तू तो बार बघून वाजवला नाहीस, हाताला सवय असलेला आकार टाकलास.

दोन. पियानो जागा खातो. बरं. तुम्ही दोघं गिटारवाले सहाही तारांवर कॉर्ड धरता, तोही जाड ई तारेवर मूळ सूर घेऊन. तिथे बेस आधीच उभा आहे. वर अँपचा मधला आवाज इतका चढवलेला की माझा उजवा हात मला ऐकू येत नाही. मी डावा हात जवळजवळ सोडून दिलाय गेल्या महिनाभरात. कुणाच्या लक्षात आलं?

तीन. मला गिटार आवडते. म्हणून तर तुमच्यात आले. जिम हॉल आणि पियानोवाल्या बिल इव्हान्सची १९६२ ची 'अंडरकरंट' मी कॉलेजात असल्यापासून ऐकते. दोघंच. बेस नाही, ड्रम्स नाहीत. इव्हान्सचा बेसवाला स्कॉट लाफारो आदल्या जुलैमध्ये अपघातात गेला होता. पहिलंच गाणं, एरवी सगळे रडकं वाजवतात ते, हे दोघं पळवतात. मध्ये इव्हान्सचा सोलो सुरू होतो आणि हॉल मागे बारात चार ठोके धरून चालतो, जणू तोच बेस, तोच ड्रम. दोन कॉर्डवाली वाद्यं, आणि एकदाही खडा लागत नाही. का? हॉल जितक्या वेळा वाजवतो त्यापेक्षा जास्त वेळा गप्प राहतो म्हणून.

चहाबद्दल आभार.

तार_सप्तक

काळी_पांढरी, स्वागत. इतका चांगला पहिला प्रतिसाद या मंचावर क्वचित येतो. जाड ई तारेच्या मुद्द्याला +१.

बारात चार ठोके निघालेच आहेत तर गिटारवाल्या फ्रेडी ग्रीनचं नाव घ्यायलाच हवं. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ ला आला आणि १९८७ ला मरेपर्यंत त्याच खुर्चीवर. बेसी स्वतः १९८४ मध्ये गेला, तरी हा बसलेलाच. अँप नाही, तारा फ्रेटबोर्डपासून उंच, दर ठोक्याला एक कॉर्ड, आणि त्या कॉर्डमधलेही एक-दोनच सूर मोकळे, बाकी तारा डाव्या हाताने दाबून मुक्या केलेल्या. आणि त्याच्यासमोर बेसी! अख्ख्या बारात दोन टिकल्या टाकणारा पियानोवाला. पियानो आणि गिटार एकत्र राहू शकत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा जवळजवळ पन्नास वर्षांचा संसार बघावा.

बाराबार

संसारात एकाने पन्नास वर्षं एकही सोलो मागितला नाही, हेही बघावं.

तार_सप्तक

:) हे मान्य. अगदी शब्दशः नाही, पण मान्य.

मडगावचो_पाव्लू

धागा आत्ता पाहिला. आमच्या वाड्यावर एक आजोबा होते, मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गिटार वाजवलेले. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, घोटून तयार झालेले. कागद समोर ठेवला की बस, वाचत सुटायचे. त्या पिढीच्या आधी ताजमध्ये टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवादक बँड चालवायचा, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पुढे १९४५ मध्ये तो कलकत्त्यात वारला. त्याच्या पियानोचा दरारा या लोकांनी ऐकून ऐकून जपला होता.

तर आमच्या या आजोबांची पियानोविषयी एकच तक्रार. पावसाळा. जुलैत फेल्ट फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, आणि आख्खा पियानो आपापल्या मर्जीने सुटतो. गिटारवाला दोन मिनिटांत तारा जुळवून घेतो, पियानोला तसं म्हणता येत नाही. मग सगळ्या बँडने पियानोपुढे मान तुकवायची. "जो हलत नाही त्याच्याकडून सूर घ्यायचा," असं ते म्हणत, आणि पुढे एक शिवी.

घरोघरी उपाय एकच असे: पियानोच्या खालच्या फळीमागे एक छोटा बल्ब, पावसाळाभर पेटता. आतली हवा कोरडी राहते. आमच्याकडे अजून असतो. कापूर वेगळा, तो कसरीसाठी.

बाराबार, तुमच्या पक्षाला एक साक्षीदार देतो. अमान्सिओ डिसिल्वा, मुंबईत १९३६ चा जन्म, मूळ गोव्याचे. लंडनला गेल्यावर १९६९ मध्ये त्यांची 'इंटिग्रेशन' आली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, बेस, ड्रम्स. पियानो नाही. गिटार कधी सतारीकडे झुकते, कधी ब्लूजकडे. पियानो असता तर ती झुकली असती का, सांगता येत नाही. मला वाटतं नसती.

बाराबार

पाव्लूबाब, देव बरे करू.

टोरंटोचा_बंड्या

अर्धाफ्रेट गप्प का झाला? त्याच्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवतो.

मी कॉर्ड शिकलो ते पियानोवाल्यांकडून. गिटारवाल्यांच्या पुस्तकातले आकार मला सगळे सारखे वाटायचे. गिटारवर अडचण काय, शेजारच्या दोन तारांमध्ये पाच अर्धसूर अंतर (जी आणि बी मध्ये चार). म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन सूर शेजारच्या तारांवर धरायचे तर बोटं चार फ्रेट फाकवायची. पियानोवर तेच दोन सूर एका अंगठ्याखाली येतात. म्हणून इव्हान्सच्या डाव्या हाताचे ते घट्ट कॉर्ड आपल्याला जमत नाहीत असं मी दहा वर्षं मानून चाललो होतो.

मग एकदा कागदावर लिहून पाहिलं. डी मायनरवर तो मूळ सूर सोडून एफ, ए, सी, ई घेतो. पुढे जी सेव्हनवर एफ, ए, बी, ई. फक्त सी चा बी झाला. आता गिटार घ्या. पातळ चार तारा: डी तारेवर तिसरा फ्रेट, जी वर दुसरा, बी वर पहिला, ई मोकळी. अरे, हा तर क्लासच्या पहिल्या महिन्यात शिकवतात तो एफ मेजर सेव्हन! आणि पुढचा कॉर्ड? तर्जनी उचला. झालं. बी तार मोकळी. दहा वर्षं जे जमत नाही म्हणत होतो ते एक बोट उचलण्याइतकं होतं. (बाकीच्या पट्ट्यांमध्ये मोकळ्या तारा मिळत नाहीत, तिथे करंगळी रडते, ते वेगळं.)

बेसवाला डी आणि जी देतोच आहे. तुम्ही या चार सुरांतले दोनच घ्या, तिसरा आणि सातवा, म्हणजे एफ आणि सी, मग एफ आणि बी. नववा लावायचाच नाही. मग ती ए घेवो की ए फ्लॅट, खडा लागणार नाही.

काळी_पांढरी

हे बरोबर आहे. मला नववा द्या, मी तुम्हाला चार ठोके देते.

पेटीवाला

सौदा झाला की!

तार_सप्तक

सगळं गोड होतंय म्हणून थोडं मीठ टाकतो. पियानोवाल्या ऑस्कर पीटरसनचा ट्रिओ, १९५३ ते ५८, हर्ब एलिस गिटारवर, रे ब्राउन बेसवर. नॅट किंग कोलच्या ट्रिओचा साचा, ड्रमर नाही. पीटरसन म्हणजे बाराबारचं दुःस्वप्न, एक फट ठेवणार नाही. आणि तरी एलिस तिथे मावला. कधी बारात चार, कधी तारा मुक्या करून त्यावर थापा मारत बोंगो वाजल्यासारखं. १९५८ मध्ये एलिस सोडून गेला, तर पीटरसनने त्याच्या जागी गिटारवाला आणलाच नाही. ड्रमर घेतला, १९५९ पासून एड थिगपेन. मला हे फार बोलकं वाटतं. तिथे गिटार म्हणजे दुसरा पियानो नव्हताच. ढोलकी होती.

पण खरं सांगू, मला स्वतःला तो ट्रिओ सलग अर्धा तास ऐकवत नाही. दम लागतो.

बाराबार

शेवटची ओळ फ्रेम करून भिंतीवर लावतोय.

अर्धाफ्रेट

आलो. शनिवारी रात्री शीट उघडली. ए फ्लॅट आहे. चालीत, ठसठशीत, अर्ध्या बारभर. तीन वर्षं ते गाणं वाजवतोय आणि तो सूर मी कधी पाहिला नव्हता, कारण आधी चाल मीच वाजवायचो आणि तिथे चक्क ए वाजवायचो. बेसवाल्याने माझ्याकडे का पाहिलं ते आता कळलं. त्याला तीन वर्षं माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. त्याचं वेगळं बघतो.

रविवारचा वृत्तांत. दुसरा भटजी आला. अट एकच, एका वेळी दोघांपैकी एकच गिटार कॉर्ड वाजवणार. मी फक्त तिसरा-सातवा घेतला, मधल्या दोन तारांवर. अँपचा मधला आवाज कमी केला. पहिला अर्धा तास हात बांधल्यासारखे वाटले, खोटं कशाला बोलू. तिने डावा हात परत आणला आणि मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस तो नव्हता.

मग ती मध्येच पाणी प्यायला उठली, गाणं चालूच होतं. ती नसताना आम्ही तिघं-चौघं जुन्यासारखे वाजलो. मोकळं मोकळं. आणि कबूल करतो, तेही मला आवडलं. कदाचित जास्तच. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती आणि परत येऊन लगेच बसली नाही, दारात उभी राहिली, एक अख्खा कोरस, म्हणजे गाण्याची एक पूर्ण फेरी. आता हे बरं की वाईट, मला अजून ठरवता येत नाहीये.

एक मात्र झालं. वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या अडकायला लागल्यात, पाऊस लागून राहिलाय.

टोरंटोचा_बंड्या

दारात का उभी राहिली, ते तिलाच विचारा ना.

काळी_पांढरी

ऐकायला. बरं वाजत होतं.

आणि पाव्लूबाब म्हणतात तो बल्ब आमच्याकडे होता, आजोबांनी लावलेला. उडालाय. अर्धाफ्रेट, पुढच्या रविवारी येताना घेऊन ये. पंधरा वॅटचा, साधा पिवळा. एलईडी आणू नकोस, तो तापत नाही.